उजवीकडचं हृदय आणि जन्मापासूनचा खोकला

घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी नऊ वर्षांची. जन्मापासून खोकते, नाक बाराही महिने वाहतं, कान फुटतो. दोनदा टीबीचा कोर्स झाला, आता तिसऱ्यांदा सुरू करू म्हणतात. नुकत्याच काढलेल्या एक्सरेत हृदय उजवीकडे दिसलं. एक डॉक्टर म्हणाले फिल्म उलटी लागली, दुसरे म्हणाले कार्टाजेनर सिंड्रोम. धाकटा मुलगा तीन वर्षांचा. तोही खोकतो, पण त्याचं हृदय जागेवर असल्यामुळे त्याला काही नाही असं सांगितलं गेलं. बायको सख्ख्या मामाची मुलगी, म्हणून हे झालं का? पोरगी बरी होईल का? शाळेत मुलं तिला टीबीवाली म्हणतात, पाठवावं की घरीच ठेवावं?

भाऊ, आधी एक्सरेचं बघू. फिल्म उलटी लागू शकते हे खरं आहे, आणि त्याच शंकेपायी उजवीकडचं हृदय वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. पाहणारा फिल्म फिरवतो, हृदय डावीकडे आणतो आणि फक्त छातीतला डाग वाचतो. पडताळणी तुम्हाला घरीही करता येईल. मुलीला अंगणात दोन-चार फेऱ्या पळवा आणि तळहात तिच्या छातीवर आधी डावीकडे, मग उजवीकडे ठेवा. ठोका ज्या बाजूला जोरात लागेल ती हृदयाच्या टोकाची बाजू. मग दवाखान्यात ईसीजी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. लिव्हर डावीकडे आणि जठर, प्लीहा उजवीकडे असतील तर तिचे सगळेच अवयव बाजू बदलून बसले आहेत. सगळेच्या सगळे बदलले असतील तर त्याचा त्रास बहुधा काही होत नाही, हृदय नीट चालतं. काही मुलांत मात्र अर्धे अवयव इकडे, अर्धे तिकडे होतात आणि त्यांच्या हृदयाच्या रचनेत दोष असू शकतो, म्हणून एकदा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावाच. एक गोष्ट मुलीच्या कागदावर ठळक लिहून ठेवा. सगळे अवयव बदललेले निघाले तर तिचं अपेंडिक्सही डाव्या बाजूला असेल. उद्या पोटाच्या खाली डावीकडे दुखून आलं तर तपासणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

उजवीकडे हृदय असलेल्या प्रत्येकाला ही बिमारी नसते. अवयव असे बदललेल्या चार-पाच जणांत साधारण एकालाच असते, बाकीचे आयुष्यभर ठणठणीत राहतात. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही. पण तुम्ही सांगितलेला जन्मापासूनचा ओला खोकला, बाराही महिने भरलेलं नाक, फुटणारा कान आणि उजवीकडचं हृदय हे सगळं एकाच मुलात दिसलं की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशियाचं. आम्ही त्याला पीसीडी म्हणतो. कार्टाजेनर हा त्यातलाच एक प्रकार, ज्यात अवयवांची बाजूही बदललेली असते. झुरिचच्या माने कार्टाजेनर यांनी 1933 साली सायनस, फुप्फुसाच्या रुंदावलेल्या नळ्या आणि उलटे अवयव असं त्रिकूट असलेले रुग्ण नोंदवले, म्हणून त्यांचं नाव पडलं. तशा रुग्णाची नोंद त्याआधी 1904 मध्ये झिवर्ट नावाच्या डॉक्टरांनीही केली होती.

आता हे होतं कशानं ते सांगतो, कारण ते कळलं की उपचार रोज का करायचे हेही आपोआप कळतं. नाकापासून फुप्फुसातल्या लहान नळ्यांपर्यंत आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, त्यांना सिलिया म्हणतात. एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास, प्रत्येकाची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा फटका मारतात. ज्वारीच्या वावरावरून वारा गेला की कणसं एकामागून एक लवत जातात, तशी त्यांची लाट चालते. फरक इतकाच की वावरात वारा कणसांना हलवतो आणि इथे हे केस स्वतः हलून वरचा चिकट थर पुढे सरकवतात. श्वासातून गेलेली धूळ, धूर, जंतू त्या थरात अडकतात आणि थर घशाकडे ढकलला जातो. तिथून आपण तो नकळत गिळून टाकतो. दिवसरात्र हे चालू असतं म्हणून आपली फुप्फुसं स्वच्छ राहतात.

प्रत्येक केसाच्या आत नळ्यांच्या नऊ जोड्या गोलाकार आणि मधे दोन सुट्या नळ्या अशी मांडणी असते. जोड्यांना डायनीन नावाच्या प्रथिनाचे छोटे हात असतात. हे हात शेजारच्या जोडीला खेचतात आणि केस वाकतो. पीसीडीत बहुतेक वेळा हे हात जन्मतःच नसतात किंवा अपुरे असतात. काही मुलांत मधल्या नळ्यांची रचना चुकते, काहींत पेशीवर केसच मोजके उगवतात. कुठे केस अगदी स्थिर असतात, कुठे नुसते थरथरतात, कुठे फटका मारतात पण एकमेकांशी जुळवून नाही. परिणाम एकच. थर जागेवर साचतो. त्यात जंतू वाढतात. शरीर तो बाहेर काढायला एकच मार्ग वापरू शकतं, तो म्हणजे खोकला. म्हणून तुमच्या पोरीचा खोकला तिचा शत्रू नाही. तो तिची फुप्फुसं वाचवतो आहे, आणि तो दाबणारं औषध तिला देऊ नये.

याचा शोध लागला तो फुप्फुसाच्या दवाखान्यात नाही. स्वीडनमधले ब्योर्न अफ्झेलियस 1976 मध्ये मूल न होणाऱ्या काही पुरुषांचे शुक्राणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहत होते. त्या शुक्राणूंची शेपटी हलत नव्हती आणि तिच्यात डायनीनचे हात नव्हते. शुक्राणूची शेपटी आणि श्वासनळीतला केस यांची रचना एकच असते. त्या पुरुषांना वारंवार ब्राँकायटिस आणि सायनसचा त्रास होता, आणि काहींचे अवयव उलट बाजूला होते. तेव्हाच अफ्झेलियस यांनी तर्क केला की गर्भात हृदय कोणत्या बाजूला जाणार हेही असे केसच ठरवत असावेत. टोकियोच्या नोबुताका हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेने 1998 मध्ये उंदरांच्या गर्भात ते दाखवून दिलं. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या मध्यावर एका खळग्यात काही केस गोल फिरतात आणि तिथला द्रव डावीकडे वाहवतात. त्या प्रवाहावरून शरीराला डावी बाजू कळते.

हे सांगायचं कारण तुमचा धाकटा. प्रवाहच नसेल तर हृदय दर वेळी उजवीकडे जातं असं होत नाही. बाजू ठरवणारं कोणी उरत नाही, म्हणून ते कधी डावीकडे जातं, कधी उजवीकडे. पीसीडी असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांचं हृदय बरोबर डावीकडे असतं. एकाच घरातल्या दोन लेकरांना तीच बिमारी असून एकाचं हृदय इकडे आणि दुसऱ्याचं तिकडे असू शकतं. म्हणून ‘याचं हृदय जागेवर आहे, याला काही नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. त्याचा खोकला जन्मापासूनचा आणि ओला असेल तर त्याचीही तपासणी बहिणीसोबतच झाली पाहिजे, आणि मला त्याची जास्त निकड वाटते. त्याच्या फुप्फुसाच्या नळ्या अजून बिघडलेल्या नसण्याची शक्यता आहे. हृदय डावीकडे असलेली ही मुलं सगळ्यात उशिरा सापडतात, कारण एक्सरेत लक्ष वेधणारं काही नसतं.

दोघांच्याही जन्माच्या वेळचं आठवा, आणि कागद असतील तर शोधा. पीसीडीची बहुतेक बाळं पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची जन्मतात, लगेच रडतात, दूध ओढतात. मग बारा-चोवीस तासांनी श्वास वाढतो, नाकपुड्या फुलतात, बाळाला काचेच्या पेटीत ठेवून ऑक्सिजन लावावा लागतो, कधी कधी कित्येक दिवस. घरच्यांना बहुधा सांगितलं जातं की बाळानं पोटात पाणी पेलं किंवा न्यूमोनिया झाला. फुप्फुसातलं पाणी सुकायला वेळ लागणं हा साधा प्रकारही नवजात बाळांत असतो, पण तो जन्मल्याबरोबर सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांत ओसरतो. पीसीडीत मधे काही तास बरे जातात आणि मग त्रास सुरू होतो. ऑक्सिजनही जास्त दिवस लागतो आणि फुप्फुसाचा एखादा भाग बसलेला दिसतो. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातून सुट्टी होताना मिळालेलं कार्ड नऊ वर्षांनीही निदानाच्या कामी येतं. मी तर ज्या आईबापांना भेटतो त्यांना सांगतो की सातबारा जिथे ठेवता तिथेच हे कार्ड ठेवा.

खोकल्याबद्दलही नेमकं बघायला शिका, कारण आपल्याकडे खोकणारी मुलं घरोघरी आहेत आणि त्यातली फार थोडी पीसीडीची असतात. ही बिमारी दुर्मिळच आहे. जगभरात साधारण साडेसात हजार ते वीस हजार जन्मांमागे एक असे अंदाज आहेत. शाळेत जायच्या वयाआधी लेकराला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे. पण त्या दोन आजारपणांच्या मधले दिवस कोरडे जातात. पीसीडीत मधले दिवसच नसतात. भर उन्हाळ्यात, मे महिन्याच्या चाळीस-पंचेचाळीस डिग्रीतही छातीत घरघर आणि नाकात शेंबूड असतो. आई म्हणते, ‘डॉक्टर, हे लेकरू कोरडं कधीच नसतं.’ हे वाक्य ऐकलं की मी पुढची सगळी चौकशी नव्याने सुरू करतो. धूर, धूळ आणि विषाणूंमुळेही हे केस काही आठवडे लुळे पडू शकतात, पण ते पुन्हा उगवतात आणि मूल कोरडं होतं.

आता टीबी. तिसरा कोर्स सुरू करण्यापूर्वी एक प्रश्न विचारा, आणि तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आधीच्या दोन्ही वेळी बेडक्यात टीबीचे जंतू सापडले होते का, की एक्सरेतल्या डागावरून आणि खोकल्यावरून औषध दिलं? जुने कागद काढून बघा. पीसीडीत फुप्फुसाचा मधला खंड वारंवार बसतो आणि एक्सरेत तिथे कायमची सावली राहते. एरवी तो खंड उजव्या फुप्फुसात असतो. तुमच्या मुलीचे अवयव पूर्ण बदललेले असतील तर तो डावीकडे असेल. औषध कितीही घेतलं तरी ती सावली जात नाही, आणि प्रत्येक नवा डॉक्टर तिला नवा टीबी समजतो. आपल्या भागात टीबी खरोखर खूप आहे, त्यामुळे शंका घेणाऱ्याला मी दोष देत नाही. पण शंका ही बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर तपासून मिटवायची असते. ती तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. नऊ वर्षांच्या मुलीला बेडका काढता येतो, नाही आला तर खारट पाण्याची वाफ देऊन काढता येतो. जंतू सापडले तर औषध पूर्ण घ्यायचं, एक दिवसही चुकवायचं नाही, कारण पीसीडी असलेल्यालाही टीबी होऊ शकतो. वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, घरात कोणाला टीबी असणं या गोष्टी असतील तर शंका बळावते. आणि एखाद्या वाचकाच्या मुलाचा कोर्स आत्ता चालू असेल तर हे वाचून तो मधेच थांबवू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

तपासण्यांबद्दल स्पष्ट सांगतो. पीसीडी पक्की करणारी एकच अशी तपासणी नाही. नाकातल्या नायट्रिक ऑक्साइड वायूची मोजणी करतात. या मुलांत तो फारच कमी असतो. साधारण पाच वर्षांवरच्या मुलाला ती जमते, पण यंत्र मोजक्याच ठिकाणी आहे. नाकातून ब्रशने पेशी काढून केसांची हालचाल वेगवान कॅमेऱ्याने पाहतात. त्याला तयार हात आणि डोळा लागतो, आणि सर्दी नुकतीच होऊन गेली असेल तर निकाल फसवा येतो, म्हणून चार-सहा आठवडे थांबून करावी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये केसांची आतली रचना दिसते, पण सुमारे तीस टक्के रुग्णांत ती नीटच दिसते, तरीही आजार असतो. आपल्यासारख्या दूरच्या भागासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटते ती जनुकीय तपासणी, कारण तिला पेशंटने दिल्ली-मुंबईला जावं लागत नाही, रक्त पाठवता येतं. या आजाराची पन्नासच्या वर जनुकं आता माहीत आहेत. दहांतल्या सात-आठ रुग्णांत दोष सापडतो. नाही सापडला म्हणून आजार नाही असं मात्र नाही. ती महाग आहे, हेही खरं.

यासोबत घामातल्या क्लोराइडची तपासणी करायला सांगा, कारण सिस्टिक फायब्रोसिस हा दुसरा आजार असाच दिसतो. रोगप्रतिकारशक्तीच्या साध्या रक्ततपासण्याही व्हाव्यात. छातीचा सीटी स्कॅन एकदा लागेल, नळ्या किती रुंदावल्या आहेत ते कळायला. सेवाग्राम, नागपूरचं मेडिकल किंवा एम्स, जिथे बालरोग विभाग आणि कान-नाक-घसा विभाग एकाच आवारात आहेत तिथे दोन्ही लेकरांना घेऊन एकदा जा, सोयाबीन काढून झाल्यावर वगैरे नाही, लवकर जा. सोबत सगळे एक्सरे, जन्माचं कार्ड आणि टीबीचे कागद न्या.

पण तपासणी होईपर्यंत उपचार थांबवून ठेवायचे नसतात. मला या सगळ्या उत्तरात सर्वात कळकळीने सांगायचं आहे ते हेच. निदानाची यंत्रं आपल्या गावापासून शेकडो किलोमीटर लांब असतील, उपचाराचा मोठा भाग मात्र तुमच्या अंगणात होतो आणि त्याला लाईटही लागत नाही. केस जे काम करत नाहीत ते आपण करायचं. रोज, सकाळ-संध्याकाळ, छाती मोकळी करायची. आजारी असताना जास्त वेळा, बरी असतानाही न चुकता.

पद्धत फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या, इथे कल्पना देतो. मुलीला सरळ बसवा. काही श्वास शांतपणे. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास आत घेऊन दोन-तीन सेकंद धरायचा, म्हणजे हवा बेडक्याच्या मागे पोचते. पुन्हा थोडे शांत श्वास. मग हफ. एक स्टीलची थाळी तिच्या तोंडासमोर धरा आणि तोंड उघडं ठेवून, घसा मोकळा ठेवून, थाळीवर वाफ धरेल असा जोरकस श्वास सोडायला सांगा. एक-दोन हफ झाले की बेडका वर येतो, तो खोकून थुंकायचा. हे चक्र पंधरा-वीस मिनिटं. लहान मुलांसाठी आणखी एक युक्ती आहे. प्लास्टिकच्या बाटलीत दहा सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी घ्या, त्यात बोटाएवढी जाड नळी तळापर्यंत सोडा आणि तिच्यातून लांब श्वासाने बुडबुडे काढायला लावा. पाण्याच्या दाबाने नळ्या उघड्या राहतात आणि कंपनाने बेडका सुटतो. पाणी रोज बदलायचं, नळी धुऊन वाळवायची आणि पाणी तोंडात ओढायचं नाही हे आधी शिकवायचं. तुमच्या तीन वर्षांच्या मुलाला हा खेळच वाटेल, फक्त तो करत असताना शेजारी बसा.

आणि पळू द्या. लंगडी, कबड्डी, सायकल, काहीही. दम लागला की श्वास खोल होतो आणि बेडका सुटतो. पळून आल्यावर हफ करवले तर निम्मं काम झालेलं असतं. खोकला येतो म्हणून घरचे अशा पोरीला बसवून ठेवतात. माझ्या मते तिच्या फुप्फुसाचं त्याने मोठं नुकसान होतं.

औषधांकडे येतो. तीन टक्के खारट पाण्याची नेब्युलायझरने वाफ अनेकांना फायद्याची ठरते, पण पहिल्यांदा ती दवाखान्यात, आधी नळ्या उघडणारं औषध देऊन घ्यावी, कारण काही मुलांची छाती त्याने आवळते. यंत्राचा कप रोज उकळत्या पाण्यातून काढून वाळवा. बेडक्याचा रंग बदलला, प्रमाण वाढलं, खोकला वाढला की अँटिबायोटिक लागतं, आणि ते चार दिवस घेऊन सोडायचं नसतं, बहुधा दोन आठवडे चालतं. कोणतं द्यायचं हे बेडक्याच्या कल्चरवरून ठरवावं. बरी असतानाही तीन-तीन महिन्यांनी कल्चर करत राहिलं तर स्यूडोमोनाससारखा चिवट जंतू लवकर पकडता येतो. ज्यांना वर्षात वारंवार असा बिघाड होतो त्यांच्यासाठी आठवड्यातून तीन वेळा अझिथ्रोमायसिन हा पर्याय आहे. 2020 मध्ये युरोपातल्या अभ्यासात सहा महिने हे औषध घेतलेल्यांचे बिघाड निम्म्याहून कमी झाले. ते सुरू करण्यापूर्वी ईसीजी, कानांची तपासणी आणि बेडक्याची तपासणी होणं गरजेचं आहे, म्हणून मेडिकलच्या दुकानातून स्वतःहून आणू नका. दम्याचा पंप या बिमारीत मुळात लागत नाही. सोबत दमा असल्याचं तपासणीत दिसलं तरच द्यावा. आणि फुप्फुसाचा बिघडलेला तुकडा कापून टाकायचा सल्ला कोणी दिला तर घाई करू नका, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. दोष सगळ्या नळ्यांत आहे, एक भाग काढून तो जात नाही.

खोकल्याच्या बाटल्या बंद. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाड्याची लेकरं विषारी सिरपने गेली, त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी नागपुरात आणलं होतं. ते दिवस आपल्याकडचा कोणताही बालरोगतज्ज्ञ विसरणार नाही. पण सिरप शुद्ध असलं तरी तुमच्या मुलीला ते नको. खोकला दाबणारं औषध बेडका आत कोंडतं आणि सर्दी सुकवणारं औषध तो घट्ट करतं.

घरातल्या हवेबद्दल. चूल असेल तर ती मुलं झोपतात त्या खोलीपासून दूर, शक्य तेवढा गॅस. घरात कोणी बिडी ओढू नये, ओट्यावरही नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळतात तेव्हा मुलांना तिकडे नेऊ नका. भाव वाढण्याची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवावा लागतो हे मला माहीत आहे, पण मुलं त्या खोलीत झोपणार नाहीत एवढं पाहा. दरवर्षी फ्लूची लस दोघांना द्या. न्यूमोकोकल लस 2021 मध्ये सरकारी लसीकरणात देशभर आली, धाकट्याच्या कार्डावर ती असायला हवी. मुलीला मिळाली आहे का ते डॉक्टरांना विचारा.

कानाकडे दुर्लक्ष होतं. या मुलांच्या पडद्यामागे चिकट द्रव साचून राहतो आणि ऐकू कमी येतं. मूल लक्ष देत नाही, बोलायला उशीर झाला, वर्गात मागे पडतं, याच्या मुळाशी अनेकदा हेच असतं. कानात गरम तेल, लसणाचं तेल घालू नका. श्रवणाची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडे दोघांची नावं नोंदवली तर जिल्ह्याच्या केंद्रात पुढची सोय होते. पडद्यात नळी बसवण्याचं ऑपरेशन इतर मुलांत चालतं, पीसीडीत मात्र त्यानंतर कान महिनोन्‌महिने वाहत राहू शकतो, म्हणून काही तज्ज्ञ त्याऐवजी श्रवणयंत्र देतात. वय वाढतं तसं ऐकणं बऱ्याच मुलांत सुधारतं.

मामाच्या मुलीशी लग्न झाल्याने हे झालं का? आपल्या भागात सिकलसेलची तपासणी गावोगाव झाली आहे, त्यामुळे वाहक आणि ग्रस्त हा फरक तुम्ही ऐकला असेल. पीसीडीही बहुतेक वेळा त्याच रीतीने उतरते. आई आणि बाप दोघांकडे दोषाची एकेक प्रत असते, दोघेही स्वतः पूर्ण निरोगी असतात, आणि प्रत्येक गर्भारपणात मुलाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. जवळच्या नात्यात लग्न झालं की दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. नात्याबाहेरच्या जोडप्यांतही हे घडतं. दोष तुमच्याकडून आला तेवढाच तुमच्या पत्नीकडून आला, ना कमी ना जास्त. घरात कोणी त्यांना बोल लावत असेल तर हे तुम्ही स्वतः, मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगा. तिसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी मुलीच्या रक्तात नेमकं कोणतं जनुक बिघडलं आहे ते शोधा. ते सापडलं तरच पुढच्या गर्भाची तपासणी करता येते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हृदय डावीकडे दिसलं म्हणून बाळ सुटलं असं धरू नका, त्याचं कारण वर सांगितलंच आहे.

बरी होईल का? केसांमधला दोष घालवणारं औषध आज नाही. पण रोज छाती मोकळी करणारी, वेळेवर अँटिबायोटिक घेणारी पीसीडीची माणसं शिकतात, नोकऱ्या करतात, म्हातारी होतात. नुकसान होतं ते नळ्या रुंदावल्यावर, आणि रुंदावलेली नळी बहुधा पूर्ववत होत नाही. नऊ वर्षांच्या वयात बरंच काही वाचवता येतं, तीन वर्षांच्या वयात त्याहून जास्त. मोठेपणी मुलांत शुक्राणू हलत नसल्याने मूल व्हायला अडचण येऊ शकते, अशा वेळी शुक्राणू थेट बीजात सोडण्याच्या तंत्राने अनेकांना मूल होतं. मुलींना बहुधा दिवस जातात, काहींना उशीर लागतो, आणि गर्भ नळीतच राहण्याचा धोका थोडा जास्त असतो. ही गोष्ट तिला मोठी झाल्यावर तुम्हीच नीट सांगा, लग्नाच्या बैठकीत तिसऱ्याकडून कळू देऊ नका.

शाळेत पाठवा. बेडक्याचा टीबी रिपोर्ट आला आणि त्यात जंतू नसले की त्याची प्रत घेऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि सांगा की तिचा खोकला कोणाला लागणारा नाही, तो जन्मतःच्या दोषाचा आहे. तिला पहिल्या बाकावर, जो कान चांगला आहे तो बाईंकडे येईल असं बसवायला सांगा. पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, बेडका थुंकायला न विचारता बाहेर जाऊ द्यावं, आणि खेळाच्या तासाला तिला बाजूला बसवू नये. सकाळची छाती मोकळी करून गेली तर पहिले दोन-तीन तास ती फारशी खोकत नाही, म्हणून शाळेच्या वेळेआधी अर्धा-पाऊण तास उठवा. त्या वेळी धाकट्यालाही तिच्या शेजारी बाटली घेऊन बसवा.